उकळलेलं विरजण

डॉक्टरांनी दिलेली औषधाची बाटली मी दुधात ओतली आणि दूध तीन उकळ्या येईपर्यंत चुलीवर ठेवलं. बाटलीत जिवंत जंतू आहेत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पटकीच्या साथीत गावात दवंडी फिरली होती, जंतू मारायचे तर सगळं उकळून प्या. मी शहाण्यासारखं उकळलं. दूध फाटलं, औषधही मेलं. बायको मळ्यात होती म्हणून निभावलं.

औषध होतं धाकट्या भावाचं. पावसाळ्यात त्याला आव झाली. ती गेली, पण माणूस काही परत आला नाही. पोट नाजूक म्हणून मीच त्याचं दही-ताक बंद केलं होतं. वांगी तोडायची सोडून तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायचा. त्याला मळ्यात एकटं ठेवत नव्हतो. का, ते घरात कोणी बोलत नव्हतं.

वाशिमचे डॉक्टर म्हणाले, "उदासी पोटातून आली असावी. आतले चांगले जंतू गेले असतील. या विरजणाचं दही रोज द्या. खात्री देत नाही."

खात्री न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. संशय आला तो तिथेच.

चूक सांगायची छाती नव्हती. बाटली घरच्याच ताकानं भरून बायकोकडे दिली. रोज दह्याची वाटी घेऊन भावासमोर बसू लागलो.

"दादा, काहून असा पाहून राह्यला? जहर हाये काय यात?"

"खा मुकाट्यानं."

महिना होत आला तेव्हा जेवता जेवता तो म्हणाला, "वैनी, वांग्यात मीठ कमी हाये." कित्येक महिन्यांत त्याला मीठ कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोटेच्या बैलांवर ओरडला.

मी आनंद करायचा, तर डॉक्टरांवर, दह्यावर, भावावरही संशय घेत बसलो. औषध तर मी मारलं होतं. मग हा सावरला कशानं?

शेवटी बायकोजवळ सगळं कबूल केलं. ती दूध विरजत होती.

"फाटलेलं दूध गोठ्यामागं सांडलेलं मले तवाच दिसलं," ती म्हणाली. "पण दह्यातच जंतू असतात म्हणे ना डाक्टर? मंग आपल्या घरचे काय मेलेले होते? बंद तर तुमीच केलं होतं."

तिनं विरजलेल्या दुधावर झाकण ठेवलं.

"उद्यापासून एक वाटी तुमीबी खात जा. संशयबी पोटातूनच येत असन."