फोटोतला खडा

लातूर जिल्हा नवाच झाला होता. त्या दुष्काळात ऑपरेशनआधी हात धुवायलाही टँकरचंच पाणी असायचं. मी तिथे घशाचा डॉक्टर होतो. आडतीवर सौदे पुकारणारे एक लिंगायत अप्पा आले. आवाज पार बसलेला, श्वासाला घरघर. आरशातून पाहिलं, तर स्वरयंत्राच्या खालच्या अंगाला गुळगुळीत फुगवटा. मानेचा एक्स-रे काढला, तर गळ्यात पांढरा खडा.

मी वैतागलो. "अप्पा, इष्टलिंग गळ्यातून काढायला सांगितलं होतं ना?"

त्यांनी डावी मूठ उघडली. इष्टलिंग तळहातावर होतं. "काढलं की. पर अंगायेगळं करत न्हाई आमी. फोटो निघस्तोर मुठीतच व्हतं."

म्हणजे खडा आतला होता. स्वरयंत्राच्या कूर्चेलाच गाठ आली होती. अशी गाठ मी फक्त पुस्तकात वाचलेली. गळा उघडून, स्वरतंतूंना धक्का न लावता ती कोरून काढली. निळसर, टणक, काचेसारखी चमकणारी. मी क्षणभर हात थांबवून बघतच राहिलो.

टाके निघाल्यावर अप्पांनी ती गाठ पाहायला मागितली. गाठ ठेवलेली बाटली डाव्या तळहातावर घेतली, इष्टलिंगाच्या पूजेला बसल्यासारखी नजर लावली आणि परतलेल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ह्येबी माझ्याच गळ्यातलं."