दोन कॉम्प्युटर, एक सप्तशृंगी

आधी चहा ओता आणि साखर जरा जास्तच घाला. आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही मला वेड्यात काढणार, हे नक्की. निदान माझं तोंड तरी गोड असू द्या.

तर, निवृत्त झाल्यावर माणसं गोदाकाठी फिरायला जातात, भजनी मंडळात जातात. मी लिनक्समध्ये गेलो. दोष आमच्या मुग्धाचा. मुग्धा म्हणजे माझी मुलगी, पुण्याला कॉम्प्युटरमध्येच नोकरी करते. पंचवटीतल्या आमच्या घरातला कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता, की बटण दाबून मी बाजारातून मेथी घेऊन यायचो, बायको मंदा ती निवडून ठेवायची, तरी हा आपला डोळे चोळतोय!

"बाबा, विंडोज काढून यावर लिनक्स टाकून देते," मुग्धा म्हणाली. "हलकं आहे, फुकट आहे, आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही."

टाकलं. आणि देवळ्याला माझा थोरला भाऊ आहे, आमचा दादा, कांद्याचा व्यापार करतो, त्याच्याही जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं.

मग तिने मला ती काळी खिडकी दाखवली. टर्मिनल! त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. तुम्ही एक शब्द लिहायचा, एंटर मारायचं, की हुकमाची तामिली. अहो, जन्मभर साहेब लोकांचे हुकूम ऐकले मी. मला हे एकदम पटलं. ls म्हटलं की फोल्डरमध्ये काय काय आहे ते समोर हजर. pwd म्हटलं की आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. आणि whoami म्हटलं की तुम्ही कोण, हे सांगतो. ऋषीमुनींनी ज्यासाठी हाडांची काडं केली ते इथे एका ओळीत!

पहिल्या दिवशी फजिती झालीच. sudo नावाची एक कमांड आहे. ती लावली की तुमचा शब्द म्हणजे मालकाचा शब्द, पण आधी पासवर्ड विचारते. मी टाइप करतोय, पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! कीबोर्ड बिघडला म्हणून मी तो उलटा करून आपटला. त्यातून बराच चिवडा निघाला. नंतर कळलं, पासवर्ड दिसतच नसतो. म्हटलं, चला, साफसफाई तरी झाली.

आणखी एक. लिनक्समध्ये काम व्यवस्थित झालं तर ते काहीच बोलत नाही. चुकलं तरच बोलतं. आमच्या घरात असा स्वभाव कुणाचाच नसल्यामुळे मला सवय व्हायला वेळ लागला.

आता खरी गोम ऐका. मुग्धाने दोन्ही कॉम्प्युटरमध्ये एक वाट बांधून दिली होती. ssh म्हणायचं, की इथे पंचवटीत बसून मी देवळ्याच्या कॉम्प्युटरला हुकूम सोडू शकतो! दादाचा आवाज कमी-जास्त करायचा, अडकलेला प्रोग्राम बंद करायचा, सगळं इथून. आणि प्रत्येक कॉम्प्युटरला एक नाव द्यावं लागतं. हुकूम देताना ते नाव कायम डोळ्यांसमोर दिसतं, म्हणजे आपण कुठल्या कॉम्प्युटरवर आहोत हे कळतं.

आमच्या घरात नाव एकच. दादाचं घर 'सप्तशृंगी कृपा', ट्रॅक्टर 'सप्तशृंगी', माझ्या स्कूटरवर 'जय सप्तशृंगी'. कुलदेवी आहे आमची! मी दोन्ही कॉम्प्युटरचं नाव सप्तशृंगी ठेवलं. आणि दोन्हीकडे वापरणाऱ्याचं नाव 'कुटुंब', पासवर्डही एकच.

मुग्धा किंचाळली. "बाबा, दोन मशीनना एकच नाव ठेवू नका हो, घोटाळा होईल!"

"अगं, देवीला अठरा हात आहेत," मी म्हणालो. "तिला दोन कॉम्प्युटर जड आहेत का?"

झालं, नावं पक्की झाली.

आता दादाची मुलगी पल्लवी. देवळ्याला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, गुणी पोर. तिला सुरतेचं स्थळ आलं होतं. मुलगा गुराढोरांचा डॉक्टर. दोघं फोनवर बोलले होते, एकमेकांना आवडलेही होते. अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. ते आबासाहेब! त्यांचं म्हणणं, मुलगी आधी कॉम्प्युटरवर बघू, मनाला आली तर प्रत्यक्ष येऊ. म्हणजे सगळं लग्न त्या एका व्हिडिओ कॉलवर लटकलेलं.

पल्लवीने मला मुद्दाम फोन केला. "काका, मला हा मुलगा मनापासून आवडलाय. मी काय बोलायचं ते बोलेन. तुम्ही फक्त एवढं बघा, कॉल मध्येच बंद पडू द्यायचा नाही."

"निर्धास्त राहा," मी म्हणालो. काय हा माझा आत्मविश्वास!

रविवारी सकाळी मी ssh करून देवळ्याच्या कॉम्प्युटरचा आवाज वाढवून दिला. दादाने तो कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला होता, सगळी भावकी समोर सतरंजीवर. मी आणि मंदा इकडे आमच्या कॉम्प्युटरवरून त्याच कॉलमध्ये. आमचा कॅमेरा आणि माइक बंद, कारण दादाचा हुकूम होता, "तू मधे बोलू नको." काळी खिडकी कोपऱ्यात उघडीच राहिली. ती तशीच देवळ्याला जोडलेली आहे, हे मी साफ विसरलो होतो. तुम्ही विसरू नका म्हणजे झालं.

कॉल सुरू झाला. नमस्कार-चमत्कार झाले. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली. चहा सुरतेला पोचणार नव्हता, पण रीत ती रीत. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मुलीला स्वयंपाक काय काय येतो?"

आणि माझ्या पडद्यावर आबासाहेब तोंड उघडं ठेवून गोठले.

म्हटलं, कॉल ज्यात चालू आहे तो आपला ब्राउझर अडकला. त्यावर killall नावाचा जालीम उपाय आहे. पुढे प्रोग्रामचं नाव लिहायचं, की तो जागच्या जागी खलास. मी काळ्या खिडकीत ब्राउझरचं नाव लिहून एंटर मारलं. खिडकी गप्प. म्हणजे काम झालं! आबासाहेब हलायला लागले. माझा ब्राउझर बंद मात्र झाला नव्हता. मला वाटलं, नुसत्या धाकानेच सुधारला. काही माणसं असतात तशी.

फक्त देवळ्याचा चौकोन दिसेना.

फोन वाजला. दादा! रागावला की तो थेट अहिराणीवर येतो. "बंद पडी गयं रे! काय करी ऱ्हायना तू?"

"दादा, तुझ्याकडचा ब्राउझर पुन्हा उघड. नेटचं काहीतरी असेल."

तो आला परत. आबासाहेबांच्या कपाळावर आठी. पण गडी चिकाटीचा. "बरं, ते राहू द्या. लग्नानंतर नोकरी सोडेल ना मुलगी?"

पुन्हा गोठले! काय त्यांचं नेट, प्रश्न आला की अडखळायचंच. मी पुन्हा killall. आबासाहेब सुटले, देवळा गायब.

आमचा माइक बंद, पण सुरतेचं सगळं ऐकू येत होतं. आबासाहेब बायकोकडे वळून हळूच म्हणाले, "काय गं, राग आला का यांना?" त्या बाई पदराआड हसत होत्या.

इकडे मंदा माझ्याकडे रोखून बघत होती. "अहो, तुम्ही काही दाबलं की तिकडे बंद पडतंय."

"योगायोग आहे."

"दोनदा?"

"बरं, तुझ्या समाधानासाठी खात्री करतो," मी म्हणालो. आणि मित्रांनो, मी खरोखर खात्री केली! अगदी शास्त्रोक्त. whoami विचारलं. उत्तर आलं: कुटुंब. hostname, म्हणजे या कॉम्प्युटरचं नाव काय, ते विचारलं. उत्तर आलं: सप्तशृंगी.

"बघ," मी म्हणालो, "आपल्याच घरात आहे मी. खुद्द देवीने कौल दिला."

"देवीला अठरा हात आहेत," मंदा म्हणाली. "तुम्हाला दोनच आहेत, ते तरी आवरा."

एव्हाना देवळा परत आला होता. दादा घामाघूम. पल्लवीच्या चेहऱ्यावरचं हसू आता ओढून आणलेलं दिसत होतं. आणि आबासाहेबांनी तिसरा प्रश्न काढला. "मुलीला जरा उभं करा. चार पावलं चालून दाखवू द्या."

खरं सांगतो, मला चीड आली. पोर मातीचे नमुने घेत शेतंच्या शेतं पायाखाली घालते, आणि हिने सतरंजीवर चालून दाखवायचं? पल्लवीने मान खाली घातली. तेवढ्यात आमच्याकडे आवाज खरखरायला लागला. आधीच डोकं तापलेलं, त्यात ही खरखर! म्हटलं, आता हा कॉम्प्युटर एकदाचा बंद करून चालूच करतो. sudo reboot. पासवर्ड. एंटर.

देवळ्याचा चौकोन फटकन गेला. आमचा कॉम्प्युटर मात्र जागचा हलेना. आणि काळ्या खिडकीत इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा अर्थ असा: पलीकडच्या कॉम्प्युटरने संबंध तोडला.

पलीकडच्या? संबंध?

मी मुग्धाला फोन लावला, सगळं सांगितलं.

"बाबा, सकाळी ssh केलंत, मग बाहेर पडलात का?"

"बाहेर कशाला? मी सकाळपासून घरातच आहे."

"कॉम्प्युटरमधून बाहेर! exit लिहिलंत का?"

नव्हतं लिहिलं हो. एवढा साधा चार अक्षरी शब्द! सगळे हुकूम मी देवळ्याला सोडत होतो. ऐन प्रश्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी सरळ कॉल कापला, तोही तीन वेळा. सुरतेच्या माणसांना काय वाटलं असेल? मी डोकं धरून बसलो. पोरीने एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे. तिचं ठरत आलेलं लग्न मी स्वतःच्या हाताने, मालकाचा पासवर्ड घालून मोडलं होतं. मंदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. टोमण्याऐवजी पाणी आलं, यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

तासाभराने दादाचा फोन. मी शिव्या खायच्या तयारीने कानाला लावला.

"अरे, सुरतेच्या वहिनींचा फोन होता!" दादाचा आवाज चक्क आनंदाने फुटत होता. "म्हणतात, आमच्या ह्यांच्या भलत्या प्रश्नांना आजवर कुणी आवर घातला नव्हता. तुम्ही लोक भांडत नाही, उलट बोलत नाही, नुसतं बंद करता! स्वयंपाकाचं विचारलं, बंद. नोकरीचं विचारलं, बंद. चालून दाखवायचं काढलं, तर कायमचंच बंद! आबासाहेब म्हणे तेव्हापासून गप्प बसलेत. म्हणाले, माणसं स्वाभिमानी आहेत. पुढच्या रविवारी सुपारी फोडायला येतात!"

"आणि पल्लवी?"

"ती नाचतेय. आणि ऐक, मी सगळ्यांना सांगितलंय, मीच खुणेने कॉल बंद करायला लावत होतो म्हणून. तू काही बोलू नको."

बघा आता! श्रेय घ्यावं, तर गाढवपणा कबूल करावा लागतो. मी गप्प राहिलो. सुपारीच्या दिवशी आबासाहेब दादाचा हात धरून म्हणाले, "तुमच्यासारखा करारी माणूस पाहिला नाही," आणि दादाने लाजल्यासारखं केलं. मी कोपऱ्यात बसून पेढा चावत होतो. पल्लवी मात्र जाता जाता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काका, मुग्धाताईने सांगितलं मला सगळं." आणि चक्क वाकून पाया पडली. डोळे भरून आले हो माझे.

म्हटलं, चला, कुणाला तरी किंमत आहे. त्याच भरात घरी आलो, कॉम्प्युटर लावला आणि ऐटीत एक sudo ठोकला. पडद्यावर ओळ आली. तिचा मराठीत अर्थ सांगतो: तुम्हाला हा अधिकार नाही. घडला प्रकार व्यवस्थापकांना कळवण्यात आला आहे.

मुग्धाने पुण्यात बसून माझी मालकी काढून घेतली होती! ते ठीक आहे. पण कळवलं कुणाला? व्यवस्थापक कोण? मी विचार करतोय, तोवर स्वयंपाकघरात मंदाचा मोबाइल टुणकन वाजला.

"काय हो," आतून आवाज आला, "आता कुणाचं लग्न जमवताय?"