कवठावरची बाळंतीण

आदिलाबादच्या आमच्या घरात बाबांचं आणि साळुंक्यांचं वैर होतं. साळुंक्या दरवर्षी छपराच्या कवेलूंखाली घरटं करायच्या आणि तिथून काड्या, पिसं, कधी कधी त्याहून ओली वस्तू नेमकी बाबांच्या ताटात टाकायच्या. बाबा महसूल कचेरीत पेशकार होते. लोकांचे जमिनीचे तंटे ऐकायचे आणि साहेबांपुढं फायली मांडायच्या, हे त्यांचं काम. निजामाच्या काळात नोकरीला लागल्यामुळं रागावले की ते उर्दूत रागावत. "ये नाजायज कब्जा है!" असं ते आढ्याकडं बघून ओरडत. साळुंक्या त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत. मग बाबा ताट उचलून ओसरीवर जाऊन जेवत.

एका वर्षी त्यांनी यावर तोड काढली. घासलेटच्या डब्यांची रिकामी लाकडी पेटी आणली, तिला समोरून वाटीएवढं भोक पाडलं आणि परसातल्या कवठाच्या झाडावर तारेनं बांधली. कवठाला काटे असतात हे त्यांना वर चढल्यावर आठवलं. कवेलूंखालच्या फटी बुजवून त्यांनी साळुंक्यांना तोंडी हुकूम दिला की यापुढं तुमची जागा तिकडं. साळुंक्यांनी पेटी लांबून पाहिली, आत डोकावल्या, आपसात कडाकडा भांडल्या आणि राहायला आल्या. बाबा इतके खूश झाले की कचेरीतल्या शिपायालाही सांगून आले.

नेमकं त्याच सुमारास आमचं स्वतःचं घर हलायची वेळ आली होती. राज्यांची पुनर्रचना झाली, हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आमचा जिल्हा आंध्रात गेला आणि किनवटकडचा भाग मराठी मुलखात. कचेरीत मराठी माणसांना विचारणा झाली, इथं राहता की तिकडं जाता? बाबांनी चौकात, पानठेल्यावर, देवळात, जिथं चार माणसं भेटतील तिथं जाहीर केलं, "आमी आपल्या राज्यात चाललो!" आईला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिला जायचं नव्हतं. कुंपणापलीकडच्या तेलुगू अक्का तिच्या जिवाभावाच्या होत्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या, भांडायच्याही, आणि दोघींना सगळं कळायचं. आई अक्कांजवळ रडली. बाबांसमोर तिनं मुकाट्यानं भांडी बांधायला घेतली. जायचं तर मलाही नव्हतं, पण मला कोण विचारतो?

बैलगाडी दारात आली त्याच सकाळी कवठावरच्या पेटीतून पिल्लांचा चिरका आवाज ऐकू आला. आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गाडी परत पाठवा. घरात बाळंतीण हाय."

"कोन?" बाबा दचकून म्हणाले.

"कवठावरची. तुमीच तिले खोली बांधून देल्ली ना? पोरगी बाळंतपनाले आनाची आन् मायबापानं घर टाकून जायाचं, असं कुटं असते काय?"

आमच्याकडं घरात बाळंतीण असली की सव्वा महिना घर सोडत नसत. बाबांनी निजामाचे कायदे पचवले होते, पोलीस ॲक्शननंतरचे पचवले होते, आता आंध्राचेही पचवत होते. पण या कायद्यापुढं त्यांची पेशकारी चालेना. "पाखराले कायचं आलं बाळंतपन?" असं ते पुटपुटले. तेवढ्यात कुंपणावरून अक्कांनी "पापम, पिल्ललु!" म्हणजे बिचारी लेकरं, असं म्हणून आईच्या बाजूनं साक्ष दिली. गाडीवाला परत गेला.

मग बाळंतपण सुरू झालं. परसात लाकडं फोडायची नाहीत, बाबांनी झाडाखाली खाकरायचं नाही. अक्कांकडून रोज मऊ भात यायचा. पाचवीला आईनं कवठाखाली हळदकुंकू वाहिलं, कारण सटवाई येऊन पिल्लांच्या कपाळी त्यांचं नशीब लिहून जाते. "काय लिवते आता? आंध्रच लिवते ती," बाबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

बाळंतीण मात्र माहेरवाशिणीसारखी वागेना. बाबा परसात दिसले की ती नवराबायको त्यांच्या टकलावर झडप घालत. शेवटी बाबांनी ट्रंकेतून रुमी टोपी काढली. निजामाच्या कचेरीत ही टोपी रोज त्यांच्या डोक्यावर असे, आणि हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर ती डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडली होती. आता लाल टोपी, काळा गोंडा, खाली बनियन आणि धोतर अशा अवतारात बाबा विहिरीचं पाणी ओढू लागले. कुणीतरी पाहिलं आणि बाजारात बातमी गेली की पेशकारसाहेब पुन्हा निजामाकडं वळले. वरच्या साहेबांनी बोलावून विचारलं. बाबा म्हणाले, "साहेब, ती मी साळुंक्यांसाठी घालतो." साहेबांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि घरी जाऊन आराम करायला सांगितलं.

पिल्लं भोकातून तोंडं बाहेर काढू लागली. बाबा रोज चहा घेताना विचारत, "उडाले काय?" आई नाही म्हणे. मग बाबा कपाळावर हात मारून, गाडीवाला कसा खोळंबला आणि कचेरीत कशी शोभा झाली, हे रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

आणि एका सकाळी पेटी रिकामी झाली. पिल्लं अक्कांच्या छपरावर बसून आईबापाकडं खायला मागत होती.  आईनं गाद्या गुंडाळून सुंभानं आवळल्या आणि उरलेली भांडी पोत्यात भरायला घेतली. तिचे हात चालत होते आणि डोळे वाहत होते. बाबा गाडी सांगून येतो म्हणून बाहेर पडले.

दुपारी मी केर टाकायला परसात गेले तर कवठाला शिडी लावलेली. वर बाबा, डोक्यावर रुमी टोपी. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं ते पेटीत कापूस कोंबत होते. कुणाच्या तरी घरून आणलेला, सरकीसकट. मी धावत जाऊन आईला हाताला धरून आणलं.

"हे काय करून राह्यले तुमी?" आईनं विचारलं.

बाबांनी मान वळवली नाही. "साळुंकी वर्षातून दोनदा अंडे देते म्हनते लोकं. तिची सोय नको काय?"

"आन् गाडी?"

"नाई सांगतली." मग ते पेटीशी बोलावं तसं बोलले, "मले तरी कुटं जायाचं व्हतं? पन चाललो चाललो म्हनून साऱ्या गावात बोंबललो. आता लोकं इचारतीन, काऊन नाई गेले? घरात बाळंतीण हाय म्हटलं की कोनी काई बोलत नाई."

बाबांना इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. काट्यांनी त्यांचे हात ओरबाडून निघाले होते. माझा सगळा राग तिथल्या तिथं गेला.

आई तडक घरात गेली. मला वाटलं, रुसली. परत आली ती बांधलेली गादी फरफटत. कवठाच्या बुंध्याशी बसून तिनं सुंभ सोडलं, दातांनी गादीची शिवण उसवली आणि आतला पिंजलेला कापूस मूठभर काढून वर धरला.

"सरकी टोचन तिले," ती म्हणाली. "हा घाला."