तीन इस्पिक, डबल

मला म्हणायचं होतं एक चौकट. माझ्या अंगठ्यानं म्हटलं सात चौकट. मोबाईलवर ब्रिज खेळताना बोलीची बटणं मुगाएवढी दिसतात आणि चष्मा नेमका स्वयंपाकघरात राहिलेला असतो. समोरच्या कॉम्प्युटरनं लगेच डबल दिला, म्हणजे हरलो तर दंड वाढणार. तो हसला नाही, ‘चुकून का हो?’ असंही विचारलं नाही.

“अंगठा हाय का मुसळ?” शेजारच्या खुर्चीतून दादा कडाडले.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. जन्मभर मास्तरकी केली. वहिनी गेल्यापासून जयसिंगपुरात एकटेच राहतात. दर रविवारी एस्टीनं आमच्याकडे कोल्हापूरला येतात. जेवणं झाली की आम्ही दोघं पार्टनर होतो, मी मोबाईलवर, ते टॅबवर, आणि समोरचे दोन खेळाडू म्हणजे खेळातलेच कॉम्प्युटर. पूर्वी चौघांचा अड्डा होता; त्यातले दोघं मुलांकडं पुण्याला गेले, म्हणून ही सोय.

अड्ड्यावर दादांची ‘तीन इस्पिक’ गाजलेली. हातात मोठी पानं नसली तरी एकाच रंगाची सात असली, की पहिल्याच फटक्यात उंच बोली लावायची. समोरच्यांना आपसांत बोलायला जागाच ठेवायची नाही. दादा टेबलावर थाप मारून ती अशी लावायचे की समोरचे दोघं पास म्हणून मोकळे व्हायचे. शेवटी शेवटी त्यांच्या हातात इस्पिकची पाचच पानं निघायला लागली. तरी लोक म्हणायचे, “दादा, धाडस करावं तर तुम्हीच!” मीही म्हणायचो.

कॉम्प्युटरला थाप ऐकू येत नाही. समोरच्याचं वय दिसत नाही. त्या रविवारी दादांनी तीन इस्पिक लावली; एकानं डबल दिला, दुसरा पास म्हणून गप्प बसला. चार हात कमी पडले. पुढच्या डावात समोरच्यांनी चार बदाम म्हटलं, तर दादांनी वर चार इस्पिक. ही जाणूनबुजून हरायची बोली. त्यांना डाव जिंकू देण्यापेक्षा आपण थोडक्यात हरायचं. फक्त किती हात जातील ते आधी नीट मोजावं लागतं. पुन्हा डबल. सहा हात कमी.

“अंगठा घसरला असंल, दादा,” मी आशेनं म्हणालो.

“माझा? तुझ्यासारखा न्हाय. सात इस्पिक हुती. थांब, मोजूनच दावतो.”

संपलेला डाव त्यांनी परत स्क्रीनवर आणला आणि इस्पिकच्या एकेका पानावर बोट ठेवत मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या पानावरून बोट पुन्हा पहिल्यावर आलं आणि मोजत राहिलं. सहा. सात.

“हायत का न्हाय?”

आवाज नेहमीचाच होता. नजर मात्र माझ्या तोंडाकडं लागलेली होती, हलत नव्हती.

“हायत की,” मी म्हणालो.

दादांनी टॅब मिटला. पाचची गाडी गाठायची म्हणून निघाले. स्टँडवर सोडतो म्हटलं तर, “मी काय पावणा हाय?” म्हणून माझ्यावरच ओरडले. मी घरीच बसलो. बसून केलं काय, तर सेटिंगमध्ये शिरून कॉम्प्युटरला सगळ्यात सोप्या पातळीवर आणला. थोरल्या माणसापुढं जरा दबून खेळेल, असं माझं डोकं. मग मुद्दाम पाच पानांवर तीन इस्पिक लावून बघितली. त्यानं डबल दिला.

तेवढ्यात बहिणीकडं गेलेली आमची मंडळी परतली. मी तिला हसत हसतच सगळं सांगितलं, मुसळापासून सात पानांपर्यंत. ती हसली नाही. दारातच उभी होती, पायातली चप्पलही काढली नव्हती.

“एकटेच गेले? आणि तुम्ही जाऊ दिलंत?” ती म्हणाली. “अहो, गेल्या रविवारी परत जाताना ते जयसिंगपूर सोडून कुरुंदवाडच्या गाडीत बसले. तिथं उतरून मला फोन केला, माझं घर कुठं दिसंना म्हणून. तुम्हाला सांगू नको म्हणाले, धाकटा घाबरतो. उठा, गाडी काढा.”