पंगतीतला शेवटचा घास

राजापेठेतले आमचे शेजारी काका दिवसभर बोलतात. जेवताना मात्र चिडीचूप. त्यांचा घास छातीत अडकतो. डॉक्टरांनी सांगितलंय, ताठ बसा, लहान घास घ्या, खूप चावा, जेवताना बोलू नका. काका हे सगळं सोवळ्यासारखं पाळतात. परवा गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांच्या पंगतीत त्यांनी रोडगा वरणात अगदी लगदा होईस्तोवर कुस्करला. सगळ्यांची ताटं रिकामी झाली, काकांचं अर्धं बाकी. शेवटचा माणूस जेवेपर्यंत आमच्याकडे कोणी उठत नाही, पण लोक चुळबुळायला लागले. काकांनी ताट बाजूला सरकवायला हात घातला. मी घाईघाईनं पुन्हा वांग्याची भाजी मागितली आणि बोटभर बोटभर चाटत बसलो. काकांनी हात मागे घेतला, सावकाश शेवटचा घास गिळला, वर पाणी घेतलं, मग तोंड उघडलं, "काहून रे, तुले बी डॉक्टरनं सांगतलं काय?"