तणमोर आणि वसुधाताईंचा पाय

डॉ. वसुधाताई आमच्या कुरण संशोधन केंद्रावर रुजू झाल्या, त्याच दिवशी माझं त्यांच्याविषयीचं मत वाईट झालं. त्याला कारणही तसंच होतं. नव्वदच्या दशकातला एक पावसाळा होता. आर्वीकडच्या त्या राखीव कुरणात पक्ष्यांचा अभ्यास करायला मी आधीच आलो होतो. ताई गवताच्या अभ्यासासाठी आल्या. जरा फिरून येते म्हणून बाहेर पडल्या आणि व्हरांड्यात परतून साडीचा ओला काठ पिळत मला सहज म्हणाल्या, "कोंबडीएवढा काळा पक्षी गवतातून उंच उडाला आणि तिथेच खाली बसला. कोणता हो तो?"

तो तणमोर होता. पावसाळ्यात मादीसाठी नर अशी उडी घेतो, आणि ती उडी पाहायची म्हणूनच मी ही आडवळणाची नोकरी धरली होती. मला ती तोवर दिसली नव्हती.

ताईंच्या कामाबद्दल इतर मंडळी अधिकाराने लिहितीलच. चौकटी आखून गवत कापायचं, वाळवायचं, तोलायचं, हे रटाळ काम त्यांनी वर्षानुवर्षं न कंटाळता केलं. मला सलायची ती त्यांची पद्धत. चौकट आखण्याआधी त्या गवळ्यांजवळ जाऊन बसायच्या, ढोरं यंदा कुठे चारणार ते विचारायच्या आणि मगच खुंट्या ठोकायच्या. त्यांच्या खुंट्या कधी कोणी उपटल्या नाहीत. पक्ष्यांसाठी राखलेल्या जागी मी लावलेल्या फलकांना मात्र म्हशी अंग घासायच्या. पोळ्याला मी नागपूरला घरी पळायचो, ताई गावात थांबून घरोघरच्या बैलांना ओवाळायच्या. नामदेव गवळ्यांच्या पत्नी आजारी पडल्या तेव्हा त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ताईंनीच नेलं आणि रजा टाकून तिथे राहिल्या. मग कुरणात काही दिसलं की निरोप कोणाला जाणार? पक्षीतज्ज्ञ मी, आणि पक्ष्यांच्या बातम्या ताईंना! माझा जळफळाट व्हायचा, आणि तो लपवण्याची कला मला कधी साधली नाही.

पुढे तणमोर दिसेनासाच झाला. दोन हजार साल उलटलं तरी ती उडी मला दिसली नव्हती, मी आशा सोडत आलो होतो. अशात एका श्रावणातल्या सकाळी नामदेव धापा टाकत आले. नाल्यापलीकडच्या उतारावर तणमोर उड्या घेत होता. निरोप अर्थातच ताईंना होता. त्या बूट घालून तयारच होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खुर्चीवर बसल्या आणि उजव्या पायातला बूट काढला. कालपासून पाय दुखतोय, नाला ओलांडवणार नाही, तुम्हीच जा, असं म्हणाल्या.

वाटेत नामदेव नाराज होते. म्हणाले, "ताई काऊन नाई आल्या? मी त त्याईच्यासाठीच ढोरं अडवून राह्यलो."

तो उडाला. गवताच्या वर काळं-पांढरं काहीतरी क्षणभर थरथरलं आणि पुन्हा गवतात गेलं. मग पुन्हा उडाला. माझे डोळे भरून आले. हा आनंदही ताईंनी दिलेला आहे, हे लगोलग आठवलं आणि तिथेच पुन्हा हेवा वाटला.

सांगायला परतलो तर ताई केंद्रावर नव्हत्या. कुंपणापलीकडे गवताचा भारा डोक्यावर घेऊन बायकांच्या पुढे झपझप चालल्या होत्या. पायाचं विचारलं तर म्हणाल्या, "आता बराय."

तो पक्षी मला पुन्हा दिसला नाही आणि ताईंनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. निरोप मला आला असता तर मी त्यांना कळूही दिलं नसतं, म्हणून माझा हेवा अजून तसाच आहे. आज त्यांची साठी पूर्ण होत आहे. ताईंनी शंभरी पाहावी, कुरणात मनसोक्त हिंडावं, आणि त्या सकाळी माझ्यासाठी दुखलेला तो उजवा पाय त्यांना खरोखर कधीही दुखू नये.