सेल्फला बांधलेलं लिंबू

"चावी फिरवली तर सुरू होत न्हाई. अन् शनवारी चावी न लावता आपला आपून सुरू होतो," आबा म्हणाले.

गेवराईत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भूत दुरुस्त करायची ऑर्डर पहिल्यांदाच आली होती.

आबांच्या बागेतल्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता, जुना, मोसंबीच्या ओळींतून जाणारा, बुटका. आबांचा मुलगा ज्ञानू त्याच्यावर बसल्या बसल्याच गेला, हार्ट अटॅकनं. महिन्याभरात हे सुरू झालं. आबांना ट्रॅक्टर भंगारात द्यायचा होता. मावशी, म्हणजे ज्ञानूची आई, देऊ देत नव्हती. ती चहाचा कप घेऊन ट्रॅक्टरच्या बरोबर समोर उभी होती.

"आज शनवार हाय, सलीमभाई. येईल आता."

मला हसू येणार होतं, पण तिच्याकडे बघून ओठांवरच राहिलं.

बॅटरी पाहिली, चांगली होती. चावी फिरवली, तर साधा टक् आवाजही नाही. म्हणजे चावीकडून सेल्फकडे, इंजिनाला पहिला झटका देणाऱ्या मोटरकडे, जाणारी बारीक वायर कुठंतरी सुटली होती. चावी काढून खिशात टाकली आणि हत्यारांच्या पेटीकडे वळलो. शेडमध्ये वारं आलं.

पाठीमागं इंजिन घरघरलं.

चावी माझ्या खिशात आणि सीट रिकामी. अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू, मी दोन पावलं मागं सरलो.

मावशी शांतपणे बाजूनं आली. "बस झालं, लेकरा," म्हणाली आणि स्टॉपची दांडी ओढली. जुनं डिझेल इंजिन चावीनं नाही, या दांडीनंच बंद होतं. मग तिनं कप सीटवर ठेवला.

"दर शनवारी असंच," आबा पुटपुटले. "समोर जाऊन उभी ऱ्हाती. ऐकतच न्हाई."

मी गिअर पाहिला. नशीब, न्यूट्रल होता. कुणी चुकून गिअरमध्ये सोडला असता तर मावशी चाकाखाली गेली असती. माझी भीती तिथंच बदलली.

आधी बॅटरीची वायर काढली, मग टॉर्च घेऊन खाली वाकलो. सेल्फला, बारीक वायर बसते तिथंच, लिंबू-मिरची लटकत होती, ताजी, अजून हलणारी. ज्या तारेत ओवली होती ती काळी पडलेली. हात लावला तर चटका बसला.

"हे कुणी बांधलं?"

"मीच. आधी पुढं बांधायचो. ज्ञानू गेल्यापून आत बांधतो. दर शनवारी नवं."

सगळा उलगडा झाला. लिंबाच्या ओझ्यानं बारीक वायर सुटली होती, म्हणून चावी चालेना. लिंबू ताजं, जड. वाऱ्यानं हललं की त्याची तार बॅटरीच्या जाड वायरीला टेकायची, चावीचं काम करायची आणि सेल्फ फिरायचा. इंजिन थरथरलं की तार बाजूला व्हायची. लिंबू सुकून हलकं झालं की पुढच्या शनिवारपर्यंत शांतता. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या लिंबानंच घर घाबरवलं होतं.

मी तार काढली, बारीक वायर घट्ट बसवली, बॅटरी जोडली.

"मंग आता न्हाई येणार का त्यो?" मावशीनं विचारलं.

आबांनी मान फिरवली. फार वाईट वाटलं. मी चावी तिच्या हातात दिली.

"मावशी, वर बसा. पुढं उभं ऱ्हायचं न्हाई. गिअर न्यूट्रल बघा, मग फिरवा."

तिनं कप मांडीवर घेतला, चावी फिरवली. इंजिन लागलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. आबांनी भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

लिंबू पुढच्या जाळीला बांधावं, तेही दोऱ्यानं. आबांना एवढंच सांगितलं.

शनिवारी त्या रस्त्यानं जाताना बागेतून ट्रॅक्टरचा आवाज येतो. कुठली वायर कुठं जाते हे मला पाठ आहे. तरी चावी कुणी फिरवली हे बघायला मी गाडी थांबवत नाही.